तत्त्व बोलतं की पक्ष? अमेरिकेतला धर्मस्वातंत्र्याचा वाद आणि आपलं गृहीतक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधनाचा जो आराखडा लिहिला, त्यातलं पहिलंच गृहीतक असं होतं: ‘अमेरिकेत रिपब्लिकन पक्ष धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने उभा असतो आणि डेमोक्रॅटिक पक्ष त्यावर मर्यादा घालण्याच्या बाजूने.’ वाक्य मला फार आवडलं होतं. दोन पक्ष, दोन बाजू, सगळं कसं स्वच्छ. मॅडमनी आराखडा परत दिला तेव्हा त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘१९९३ ची ९७ मतं कुणाची?’

मला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधताना गृहीतक कोसळलं आणि चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तुमच्यापैकी जे आता पेटची तयारी करताय किंवा विषय शोधताय, त्यांचे ते चार महिने वाचावेत म्हणून हा लेख.

आधी मूळ मजकूर

अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत (१७९१) धर्माबद्दल इंग्रजीत फक्त १६ शब्द आहेत. त्यांत दोन गोष्टी येतात. एक, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कोणताही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करायचा नाही. दोन, धर्माचरणाच्या स्वातंत्र्याला मनाई करणारा कायदाही करायचा नाही. बस्स.

इथे आपण भारतीय विद्यार्थी एक चूक हमखास करतो. आपल्या राज्यघटनेचं कलम २५ डोळ्यांसमोर ठेवून आपण हे वाचतो. पण कलम २५ मध्ये मर्यादा सांगूनच टाकल्या आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य. शिवाय सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा कायदा राज्य करू शकतं, हेही तिथेच लिहिलंय. अमेरिकेच्या १६ शब्दांत असं काहीच नाही. मग मर्यादा कुठे, हे कोण ठरवणार? ते काम न्यायालयाकडे आलं. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला मान्यता देतं. म्हणजे घटनेच्या तत्त्वाचा वाद आणि पक्षीय राजकारण तिथे एकमेकांत गुंतलेलं आहे.

१९९०: निवडुंगाचा खटला

ओरेगन राज्यात आल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक हे दोघं व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. दोघांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी नावाचा निवडुंग सेवन केला. तो नशा आणणारा असल्याने राज्याच्या कायद्याने गुन्हा होता. नोकरी गेली. बेरोजगार भत्ता मागितला, तर राज्याने ‘गैरवर्तनामुळे नोकरी गेली’ म्हणून तो नाकारला.

याआधी १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण कॅरोलायनातल्या अ‍ॅडेल शर्बर्ट या बाईंना असाच भत्ता मिळवून दिला होता. त्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या, शनिवारी काम करायला तयार नव्हत्या. तेव्हाची कसोटी अशी: कायद्यामुळे धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर सरकारने त्यासाठी अत्यंत निकडीचं कारण दाखवलं पाहिजे.

स्मिथ खटल्यात न्यायालयाने हीच कसोटी बाजूला ठेवली. कायदा सगळ्यांना सारखा लागू असेल आणि कुठल्या धर्माला हेरून केलेला नसेल, तर धर्माच्या नावाने सूट मागता येणार नाही, असा निकाल झाला. तो लिहिला अँटनिन स्कॅलिया यांनी. रेगन यांनी नेमलेले, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, पुराणमतवादी गटाचे सर्वांत गाजलेले न्यायाधीश. छोट्या पंथांना राजकीय प्रक्रियेत याचा तोटा होईल हे त्यांनी मान्य केलं, पण लोकशाहीत ते अटळ आहे असं म्हटलं. विरोधी मत कुणाचं? ब्लॅकमन, ब्रेनन आणि मार्शल या उदारमतवादी न्यायाधीशांचं.

म्हणजे १९९० साली धार्मिक सवलत द्या असं म्हणणारे उदारमतवादी होते, आणि देऊ नका असं म्हणणाऱ्यांच्या पुढे स्कॅलिया. माझ्या गृहीतकाच्या बरोबर उलट!

१९९३: ती ९७ मतं

निकालावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटना आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती संघटना एका व्यासपीठावर आल्या. त्यातून धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा तयार झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रिफ्रा’ म्हणतात. जुनी कडक कसोटी त्याने परत आणली. प्रतिनिधिगृहात विधेयक मांडलं डेमोक्रॅट चक शूमर यांनी. सिनेटमध्ये डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी. प्रतिनिधिगृहात ते आवाजी मतदानाने संमत झालं, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी. नोव्हेंबर १९९३ मध्ये क्लिंटन यांची सही झाली.

तर मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर: ती ९७ मतं दोन्ही पक्षांची होती.

(ज्यांच्यावरून हे सगळं सुरू झालं, त्या पेयोटी घेणाऱ्या आदिवासींना स्पष्ट संरक्षण देणारा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये वेगळा करावा लागला. ही गोष्ट बहुतेक लेखांत तळटीपेत जाते. तळटीपा वाचा.)

२०१४: तोच कायदा, वेगळी माणसं

१९९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा कायदा राज्य सरकारांवर लादता येणार नाही. केंद्रापुरता तो राहिला, आणि अनेक राज्यांनी आपापले तसेच कायदे केले. मग आला हॉबी लॉबी खटला.

हॉबी लॉबी ही हस्तकलेच्या सामानाच्या दुकानांची ओक्लाहोमातली मोठी कंपनी. मालक कुटुंब इव्हँजेलिकल ख्रिस्ती. ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या विम्यात गर्भनिरोधक साधनं असणं आवश्यक होतं. त्यातली चार साधनं गर्भपातासारखी आहेत असं मालकांचं म्हणणं, म्हणून त्यांनी रिफ्राखाली सूट मागितली. ३० जून २०१४ ला ती ५ विरुद्ध ४ मतांनी मिळाली. बाजूचे पाचही न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, विरोधातले चारही डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी.

हॅच कंपनीच्या बाजूने होते. शूमर म्हणाले, हा कायदा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांसाठी केलाच नव्हता. एकाच कायद्याचे दोन पालक, दोन टोकांना! पुढच्या वर्षी इंडियानाचे राज्यपाल माइक पेन्स यांनी राज्याच्या अशाच कायद्यावर सही केली तेव्हा उद्योगांनी आणि क्रीडासंघटनांनी एवढा विरोध केला, की साधारण आठवड्याभरात त्यात दुरुस्ती करावी लागली. समलिंगी विवाहाचा प्रश्न ऐरणीवर होता, आणि दुकानदार या कायद्याच्या आडून सेवा नाकारतील ही भीती होती. १९९३ मध्ये ज्या शब्दांवर एकमत होतं, तेच शब्द आता पक्षाची ओळख बनले होते.

सोपं उत्तर आणि त्याची अडचण

इथे कुणीही म्हणेल, ‘बघा, तत्त्वबित्त काही नसतं, सगळं राजकारण.’ मीही दुसऱ्या आराखड्यात तेच लिहिलं. मॅडमनी तोही परत दिला. का, ते सांगते.

बाजू का बदलल्या, याची निदान तीन स्पष्टीकरणं संभवतात.

१. पक्ष. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गोरे इव्हँजेलिकल मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळत गेले. जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ १९७९ ची. मतदार जिकडे, तिकडे तत्त्व.

२. कोण मागतंय. छोटा पंथ सूट मागतो तेव्हा ती अल्पसंख्याकांची ढाल वाटते. मोठा, प्रभावी गट मागतो तेव्हा तीच हत्यार वाटते. १८०२ मध्ये जेफरसन यांनी धर्म आणि शासन यांमधल्या भिंतीची प्रसिद्ध उपमा वापरली, ती कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात. त्या राज्यात तेव्हा काँग्रिगेशनल चर्चला राजाश्रय होता आणि बॅप्टिस्ट अल्पसंख्य होते. फॉलवेलही बॅप्टिस्टच, पण तोवर या पंथाची ताकद कुठल्या कुठे गेली होती.

३. भार कुणावर. स्मिथ आणि ब्लॅक यांनी पेयोटी घेतल्याने तिसऱ्या कुणाचं काही जात नव्हतं. हॉबी लॉबीत मालकाच्या श्रद्धेची किंमत कर्मचारी स्त्रियांनी मोजायची का, असा प्रश्न होता.

हॉबी लॉबीचा निकाल तिन्ही स्पष्टीकरणांत बसतो. म्हणूनच तो एकटा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे! आपल्याला असा खटला हवा, जिथे तीन स्पष्टीकरणं वेगवेगळं भाकीत करतील.

असा एक आहे. होल्ट विरुद्ध हॉब्ज, जानेवारी २०१५. अर्कान्सासच्या तुरुंगातल्या एका मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. तुरुंगाचे नियम आड येत होते. कैद्यांच्या बाबतीत हीच कसोटी लावणारा २००० चा वेगळा कायदा आहे, त्याखाली त्याने दाद मागितली. केवळ पक्षच बोलत असता, तर सात महिन्यांपूर्वीचीच फूट पुन्हा दिसायला हवी होती. न्यायाधीश तेच नऊ. निकाल ९ विरुद्ध ०, कैद्याच्या बाजूने. लिहिला अ‍ॅलिटो यांनी, ज्यांनी हॉबी लॉबीही लिहिला होता. आणि हॉबी लॉबीत विरोधी मत लिहिणाऱ्या गिन्सबर्ग यांनी छोटीशी पुरवणी जोडली: तिथल्यासारखी ही सूट इतरांना अपाय करत नाही, म्हणून मी सहमत आहे. म्हणजे त्यांच्यापुरतं तरी तिसरं स्पष्टीकरण खरं ठरतं.

पण लगेच खूश होऊ नका. जून २०१८ घ्या. महिन्याच्या सुरुवातीला न्यायालयाने कोलोरॅडोच्या एका केकवाल्याच्या बाजूने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला. समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली होती. कारवाई करणाऱ्या आयोगाच्या सदस्यांची वक्तव्यं धर्माबद्दल आकस दाखवतात, हे मुख्य कारण. महिनाअखेरीस ट्रम्प यांच्या प्रवासबंदीचा खटला आला. तिथे मुस्लिमांबद्दलची जाहीर वक्तव्यं समोर असूनही बंदी ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली, आणि फूट बरोबर पक्षाच्या रेषेवर. सोटोमायर यांनी विरोधी मतात हीच विसंगती दाखवली. बहुमताचं म्हणणं असं, की परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि देशाची सुरक्षा यांत न्यायालयाने कमी हात घालावा. हे तत्त्व की सबब? इथे पहिलं स्पष्टीकरण पुन्हा डोकं वर काढतं.

मग माझं गृहीतक काय झालं?

आता ते असं आहे: ‘सूट दिल्याने तिसऱ्या व्यक्तीवर भार पडत नाही, तेव्हा न्यायाधीशांमधली पक्षीय फूट कमी दिसते, भार पडतो किंवा प्रश्न निवडणुकीच्या राजकारणात तापलेला असतो, तेव्हा ती वाढते.’ पहिल्या वाक्याइतकं हे देखणं नाही. पण हे खोटं ठरू शकतं, आणि गृहीतकाची किंमत तिथेच असते.

तुमच्या विषयासाठी यातून घेण्यासारख्या तीन गोष्टी:

- वर्तमानाची विभागणी भूतकाळावर लादू नका. आज जे दोन तट दिसतात ते २५-३० वर्षांपूर्वी तसेच होते का, हे आधी तपासा. मतदानाच्या नोंदी आणि निकालपत्रं उघडून बघा; त्यावर लिहिलेले लेख नंतर.
- नावं तीच राहतात, माणसं बदलतात. १८०२ चे बॅप्टिस्ट आणि १९७९ चे बॅप्टिस्ट एक घटक धरून चालत नाही. ‘शेतकरी’, ‘मध्यमवर्ग’, ‘मराठी माणूस’ हे शब्द वापरतानाही हे आठवा.
- आपल्या आवडत्या बाजूला तोच प्रश्न विचारा. मला गिन्सबर्ग पटतात, म्हणून त्यांची पुरवणी मला ‘तत्त्व’ वाटली आणि प्रवासबंदीचं बहुमत ‘सबब’. मॅडमनी विचारलं, ‘उलट का नाही?’ त्याचं उत्तर लिहायला मला एक अख्खं प्रकरण लागतंय.

जाता जाता एक अभ्यास. २०२१ च्या फुल्टन खटल्यात अ‍ॅलिटो, थॉमस आणि गॉर्सच या तीन पुराणमतवादी न्यायाधीशांनी स्मिथचा निकाल रद्द करावा असं मत दिलं. म्हणजे स्कॅलियांचाच निकाल, त्यांच्याच गटाच्या माणसांनी मोडीत काढायचा म्हटला. वरच्या तीन स्पष्टीकरणांपैकी कुठलं इथे लागू पडतं, आणि तुमचं उत्तर चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल? एका पानात लिहून बघा. दुसऱ्या प्रश्नाला अर्धं पान मिळालं पाहिजे.

पुढच्या लेखात: शंभर पानांचं निकालपत्र एका दुपारी कसं वाचायचं.