हलत्या बोटाची साठ वर्षे

हाताच्या तळव्यावरील शेवटच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोट वाकवणाऱ्या दोन कंडरा एकमेकींना खेटून सरकतात, सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते तशा. या टापूला अमेरिकी सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी 'नो मॅन्स लँड' म्हटले. इथली कंडरा तुटली तर ती लगेच शिवायला जाऊ नका. कातडी बंद करा, जखम भरू द्या आणि पुढे शरीरातल्या दुसऱ्या ठिकाणची कंडरा काढून इथे बसवा, असा त्यांचा सल्ला होता. 1944 साली त्यांचा 'सर्जरी ऑफ द हँड' हा ग्रंथ आला आणि हातांच्या शस्त्रक्रियेत त्यांचा शब्द प्रमाण ठरला. सल्ल्यामागे अनुभव होता. शिवलेले बोट तीन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवले की टाका टिकायचा, पण कंडरा बोगद्याच्या भिंतीला चिकटून बसायची. ऑपरेशन यशस्वी, बोट मात्र काठी!

साठच्या दशकात लोझानच्या क्लोद व्हर्दाँ यांनी तिथेही लगेच शिवता येते असे दाखवले. पण खरा धक्का दिला तो केंटकीतल्या लुईव्हिलच्या हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी. 1967 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याच टापूतल्या ताज्या जखमांचे निकाल मांडले, तेव्हा ऐकणाऱ्या अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. त्यांची युक्ती जितकी टाक्यात होती तितकीच कडक पट्टीतही (स्प्लिंटमध्येही) होती. पट्टी हाताच्या मागच्या बाजूने, मनगट थोडे वाकवून. नखाला दोरा, दोऱ्याला रबरबँड आणि रबरबँडचे दुसरे टोक मनगटाशी. रुग्णाने बोट पट्टीला टेकेपर्यंत स्वतः सरळ करायचे. परत वाकवण्याचे काम रबरबँडचे. बोट सरळ करताना वाकवणारा स्नायू सैल पडतो, त्यामुळे टाक्यावर ताण येत नाही आणि कंडरा मात्र सरकत राहते.

रबरबँडलाही खोट होतीच. दिवसरात्र ओढलेले बोट मधल्या सांध्यात वाकलेलेच राहू लागले. 1975 मध्ये ड्युरान आणि हाउझर या सर्जनांनी रबरबँड बाजूला ठेवला. दुसऱ्या हाताने बोट हळूच हलवायचे, बस. कंडरा 3 ते 5 मिलिमीटर सरकली तरी ती चिकटत नाही, असे त्यांनी मांडले. या सगळ्या काळातला सर्वांत उपयोगी आकडा कोणता, असे विचारले तर मी हाच सांगेन. पुढे स्वीडनचे लुंडबोर्ग आणि अमेरिकेचे गेलबरमन यांच्या प्रयोगांनी त्याला आधार दिला. कंडरेला स्वतःहून भरून येता येते आणि हलती ठेवलेली कंडरा अधिक मजबूत होते, हे दिसले.

मग टाके दुपदरीचे चौपदरी, सहापदरी झाले. 1989 मध्ये बेलफास्टच्या सर्जनांनी रुग्णाला शिवलेले बोट काही दिवसांतच स्वतःच्या जोरावर वाकवायला लावले. कॅनडाचे डोनाल्ड लालोंद तर रुग्णाला जागे ठेवूनच शिवतात. टेबलावरच बोट वाकवायला सांगायचे, टाका उसवतोय का ते पाहायचे आणि मगच कातडी बंद करायची. 2014 साली मँचेस्टरहून मनगट मोकळे ठेवणारी आखूड पट्टी पुढे आली. दरम्यान प्लास्टरची जागा गरम पाण्यात मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिकने घेतली. ते कात्रीने कापता येते, हातावरच घडवता येते आणि सूज उतरली की पुन्हा गरम करून बसवता येते.

ही पट्टी घडवणारा हात बहुधा सर्जनचा नसतो, थेरपिस्टचा असतो, आणि इथे मुंबईचे नाव घ्यायलाच हवे. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, आशियातली पहिली. तिकडे वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांसाठी निरोगी कंडरा वळवून बसवत होते. आखडलेले सांधे हळूहळू सरळ करायला ते प्लास्टरची वेढणी पुन्हापुन्हा बदलत. जोर लावून नव्हे, थोडेथोडे आणि सतत, ही त्यांची रीत आजही कामाची आहे.

सगळीकडेच हालचाल बरी, असेही नाही. झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळला आणि शेवटचे पेर लोंबू लागले, तर नियम नेमका उलटा. ते पेर सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवायचे. धुताना पट्टी काढली तरी बोटाला आधार हवाच. मधेच एकदा वाकले तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आपल्याकडे कोयता, फुटकी काच, पत्रा आणि पतंगाचा मांजा यांनी बोटे कापतात. वरून जखम लहान दिसते, दोन टाके घालून माणूस घरी येतो. तेव्हा एवढे करा: प्रत्येक बोटाचे टोक वेगवेगळे वाकते का, ते पाहा. वाकत नसेल तर त्याच दिवशी किंवा निदान काही दिवसांत हाताच्या सर्जनला गाठा. आठवडे गेले की तुटलेले टोक आत ओढले जाते आणि थेट शिवणे अवघड होते. शिवल्यावर पट्टी साधारण सहा आठवडे लागते आणि जड उचलायला जवळजवळ तीन महिने थांबावे लागते. दुखायचे थांबले म्हणून थेरपिस्टला न विचारता पट्टी काढू नका.