शिक्षकांच्या हाती मुक्त आज्ञावली

बालाघाट व गोंदिया ही जिल्ह्यांची ठिकाणे आज दोन वेगवेगळ्या राज्यांत असली, तरी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सारा मुलूख एकाच राज्यात मोडत होता व त्या राज्याची राजधानी नागपूर ही होती. वैनगंगा आजही बालाघाटहून महाराष्ट्रात वाहत येते. सोयरिकी दोन्हीकडे होतात. बालाघाट जिल्ह्यातील अनेक घरांत मराठी, पोवारी किंवा गोंडी बोलली जाते आणि मूल शाळेत गेले की त्याच्या हाती हिंदी पुस्तक येते. लिपी मात्र दोन्ही बाजूंस देवनागरीच आहे.

असे असूनही बालाघाटच्या एखाद्या शिक्षकाने संगणकावर तयार केलेली प्रश्नपत्रिका गोंदियाच्या शिक्षकाने आपल्या संगणकावर उघडली, तर पुष्कळदा अक्षरांऐवजी रोमन लिपीतील निरर्थक चिन्हांची ओळच त्याच्यासमोर उभी राहते. याचे कारण साधे आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये प्रत्येक उत्पादकाने अक्षरांची मांडणी आपापल्या सोयीने केली होती. हिंदी भागात कृतिदेव रूढ झाला, महाराष्ट्रात अन्य फाँट रूढ झाले. ज्या संगणकावर तो विशिष्ट फाँट नाही, त्यावर मजकूर वाचता येत नाही. युनिकोड या जागतिक संकेत-पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक मिळाला व ही अडचण मुळातून दूर झाली. इन्स्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक शिकून घेतल्यास हिंदी व मराठी दोन्ही भाषा एकाच हातवळणाने लिहिता येतात. मराठीचा ‘ळ’ ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. ‘ल’ च्याच कळीवर शिफ्टसह तो मिळतो.

फाँटचा हा प्रश्न लहान दिसला तरी त्यामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शिक्षक ज्या साधनाने काम करतो ते साधन कोणाच्या मालकीचे आहे व त्यात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करण्याचा अधिकार त्याला आहे किंवा नाही, हा तो प्रश्न होय.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी लिहिलेल्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावलींच्या मूळ सूचना उत्पादक गुप्त ठेवतो. ग्राहकाला फक्त वापरण्याचा परवाना मिळतो. तीच प्रत शेजारच्या शाळेला देणे हा परवान्याचा भंग ठरतो.

याउलट मुक्त आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याची, तिच्या अंतरंगाचा अभ्यास करून तीत बदल करण्याची, तिच्या प्रती वाटण्याची आणि बदललेली आवृत्तीही इतरांस देण्याची मोकळीक परवान्यानेच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ या नावाने अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याची घोषणा केली. त्यापूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या एका नव्या छपाई यंत्राची आज्ञावली उत्पादकाने उघड केली नाही. त्यामुळे यंत्रातील एक साधी त्रुटीही तेथील जाणकारांना दुरुस्त करता आली नाही. हा अनुभव त्यांच्या विचारांस कारणीभूत ठरला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला व दोहोंच्या मेळातून आजची ग्नू-लिनक्स प्रणाली घडली.

बालाघाटच्या शेतकऱ्यास ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगता येईल. तेथील चिन्नोर या सुवासिक तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिन्नोरचे बियाणे शेतकरी घरच्या पिकातून राखून ठेवू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, आपल्या बांधीतील उत्तम लोंब्या निवडून ते सुधारूही शकतो. संकरित बियाणे मात्र दर हंगामात दुकानातून आणावे लागते. मुक्त आज्ञावली ही राखून ठेवता येणाऱ्या बियाण्यासारखी आहे.

फुकट मिळणारी प्रत्येक गोष्ट मात्र मुक्त नसते, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घेतले पाहिजे. भूमितीच्या अध्यापनासाठी प्रसिद्ध असलेले जिओजेब्रा हे साधन शाळेत विनामूल्य वापरता येते व ते उत्कृष्टही आहे. तथापि व्यापारी वापरावर त्यात निर्बंध असल्यामुळे ते काटेकोर अर्थाने मुक्त म्हणता येत नाही. भ्रमणध्वनीवरील कित्येक फुकट शैक्षणिक उपयोजनांची स्थिती याहून वाईट आहे. ती मुलांसमोर जाहिराती मांडतात व त्यांची माहिती गोळा करतात. तेथे किंमत पैशांत घेतली जात नाही, एवढाच फरक.

शिक्षकाच्या शब्दांत बोलणारी साधने

मुक्त साधनांचा खरा लाभ कोठे होतो, हे टक्स पेंट या चित्रकलेच्या आज्ञावलीवरून चांगले समजते. बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही आज्ञावली सुमारे तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे व ती मराठीतूनही वापरता येते. तीत ‘शिक्के’ नावाचा एक भाग आहे. मुलाने शिक्का निवडून कागदावर टेकवला की ते चित्र उमटते, खाली त्याचे नाव येते आणि आवाजही ऐकू येतो. हे शिक्के म्हणजे एका विशिष्ट कप्प्यात ठेवलेल्या साध्या फायली आहेत. चित्राची एक फाइल, त्याच नावाची मजकुराची दुसरी आणि त्याच नावाची ध्वनीची तिसरी, एवढाच तो संच असतो.

म्हणजे बैहरकडील एखाद्या शिक्षकाने मोहाचे फूल, सालाचे पान, तेंदूची पाने यांची छायाचित्रे काढून त्या कप्प्यात ठेवली, मजकुराच्या फाइलमध्ये त्यांची नावे लिहिली आणि गावातील एखाद्या आजीच्या तोंडून गोंडी उच्चार ध्वनिमुद्रित करून जोडला, तर मुलाच्या चित्रफलकावर त्याच्या घरचा शब्द बोलू लागतो. यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. परवानगीचे पत्रही कोणाला लिहावे लागत नाही. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मुक्त साधन आहे. पोवारीतील कहाण्या व लग्नगीते जाणणाऱ्या वृद्धांची संख्या दरवर्षी घटत आहे. त्या जपण्याच्या कामीही शाळेला या साधनाचा उपयोग करता येईल. मूल ज्या भाषेत घरी बोलते तिला शाळेत स्थान असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे. परंतु त्यासाठी लागणारे साहित्य पोवारी किंवा गोंडीत कोणी मोठी कंपनी तयार करील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. तेवढा ग्राहकवर्गच नाही. ते काम शिक्षकालाच करावे लागेल व ते करण्याची मुभा देणारे साधन त्याच्या हाती असले पाहिजे.

स्टेलॅरियम ही आकाशदर्शनाची आज्ञावली अशीच आहे. तीत उत्तर अक्षांश सुमारे २१.८ आणि पूर्व रेखांश सुमारे ८०.२ भरले की बालाघाटचे आकाश पडद्यावर येते. आजची रात्र पाहता येते, त्याचप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वा पुढची रात्रही पाहता येते. पावसाळ्यात ढगांमुळे ग्रहांचा पाठ अडून राहत नाही. त्यातील नक्षत्रांच्या आकृती कायमच्या ठरलेल्या नाहीत. निरनिराळ्या समाजांच्या आकाशकल्पना त्यात समाविष्ट असून नवी भरही घालता येते. आपल्या ग्रामीण भागात सप्तर्षीच्या चार ताऱ्यांस खाट व मागच्या तिघांस चोर म्हणण्याची रीत आहे. गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी अभ्यास केला असून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आजोबांनी दाखवलेले तारे आणि पुस्तकातले तारे एकच आहेत, हे मुलांना वर्गात उमगते तेव्हा भूगोलाचा तास निराळाच होतो.

लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री हा खेळांतून अक्षर-अंकओळख करून देणारा मोठा संच उपलब्ध आहे. निकालपत्रके, हजेरी व पत्रव्यवहार यांसाठी २०१० पासून विकसित होत असलेले लिब्रऑफिस पुरेसे आहे व ते मराठीत चालते. विज्ञानाच्या शिक्षकांस अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पाची प्रात्यक्षिके मोलाची आहेत. विद्युत्मंडल, लंबक, प्रकाशाचे अपवर्तन यांवरील ही प्रात्यक्षिके एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात व त्यांपैकी कित्येक मराठीत अनुवादित झाली आहेत.

इंटरनेटचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. जंगलपट्ट्यातील गावांत संपर्क मिळेलच याची खात्री नसते. अशा शाळांसाठी कोलिब्री हे मुक्त साधन तयार झाले आहे. एका संगणकावर धडे साठवून ठेवायचे, तोच संगणक वर्गापुरते बिनतारी जाळे निर्माण करतो आणि बाहेरचा कोणताही संपर्क नसताना मुलांच्या हातातील टॅब्लेटवर ते धडे दिसतात.

खैराटचा अनुभव

महाराष्ट्रात या विषयातील एक बोलका प्रयोग २००७ मध्ये झाला. रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातील हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना देण्यात आले. भारतातील त्या प्रकल्पाची ही पहिली शाळा होय. त्या लॅपटॉपवर शुगर नावाची मुक्त प्रणाली होती. प्रकल्पाचा जागतिक पसारा पुढे ओसरला व त्यांची निर्मिती थांबली. वीज, दुरुस्ती आणि सुटे भाग यांची तरतूद नसेल तर लॅपटॉप कपाटात जातात, हे अशा प्रयोगांतून सर्वत्र दिसून आले आहे. त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. मात्र शुगर प्रणाली बंद पडली नाही. २००८ मध्ये स्थापन झालेल्या शुगर लॅब्स या संस्थेने ती चालू ठेवली असून आज ती साध्या संगणकावरही वापरता येते. आज्ञावली कंपनीच्या मालकीची असती, तर यंत्रांबरोबर तीही इतिहासजमा झाली असती.

केरळ राज्याने या बाबतीत चिकाटी दाखवली. २००१ मध्ये तेथे सुरू झालेला आयटी ॲट स्कूल हा शालेय संगणक कार्यक्रम पुढे मुक्त प्रणालीवर आणण्यात आला आणि राज्यातील शिक्षकांचे प्रशिक्षण त्याच धर्तीवर झाले. केंद्र शासनाच्या २०१२ च्या शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणात मुक्त आज्ञावलीचा पुरस्कार केलेला आहे. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतामुळे शिक्षकांस परिचित झालेला दीक्षा हा २०१७ चा राष्ट्रीय मंचही सनबर्ड या मुक्त आज्ञावलीवर उभा आहे.

जुन्या संगणकांचे काय?

अनेक शाळांतील संगणक ज्या विंडोज १० प्रणालीवर चालत होते, तिला उत्पादकाकडून मिळणाऱ्या नेहमीच्या विनामूल्य सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. पुढील आवृत्तीस लागणारी क्षमता जुन्या यंत्रांत नाही. ही यंत्रे भंगारात काढण्याचे प्रस्ताव तयार होण्यापूर्वी त्यांवर हलकी लिनक्स प्रणाली बसवून पाहणे हिताचे ठरेल. ती पेनड्राइव्हवरूनच सुरू करून तपासता येते. पसंत पडल्याशिवाय मूळ प्रणालीस हात लावावा लागत नाही. बसवण्यापूर्वी जुन्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवणे मात्र अत्यावश्यक आहे, आणि आज्ञावली मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. हातोहात फिरणाऱ्या पेनड्राइव्हमधून विषाणूही फिरतात.

अडचणी आहेतच. काही छपाई यंत्रे लिनक्सशी नीट जुळत नाहीत. शासकीय कामाचे काही नमुने विशिष्ट प्रणालीचीच अपेक्षा ठेवतात. कृतिदेवमध्ये साठलेले जुने दप्तर युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा तपासावे लागते, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. सर्वांत मोठी अडचण वेळेची होय. आज्ञावलीस पैसे पडत नाहीत, पण ती शिकण्यास लागणारे शिक्षकाचे तास कोणीतरी मोजले पाहिजेत. एकाच शिक्षकावर चार इयत्ता, पोषण आहार आणि नोंदवह्या यांचा भार असेल, तर त्याने हे केव्हा शिकावे, याचे उत्तर प्रशिक्षणाच्या वेळापत्रकातच द्यावे लागेल.

शिकण्याची सोय मात्र उत्तम आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ ही पाठमाला विकसित केली आहे. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष कृती आणि सोबत निवेदन, अशी तिची रचना आहे. निवेदन हिंदी व मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ व उरलेल्या अर्ध्यात स्वतःचे काम ठेवून, पाठ थांबवत थांबवत शिकावे, अशी पद्धत त्यात सुचवली आहे. लिब्रऑफिसच्या पाठांपासून आरंभ केल्यास पहिल्या आठवड्यातच एखादे निकालपत्रक हातावेगळे होऊ शकते. आणि ते युनिकोडमध्ये असल्यास बालाघाटप्रमाणेच गोंदियासही वाचता येईल.