पळणाऱ्या कॅमारोला थांबवताना

29 सप्टेंबर 1966 रोजी शेवरले कॅमारो अमेरिकेत विक्रीला आली. गिऱ्हाइकासमोर इंजिनांची भलीमोठी यादी होती. ब्रेक मात्र चारही चाकांना 9.5 इंची ड्रमचे. पुढे डिस्क हवी तर जादा पैसे. ब्रेकचे प्राधान्य तिथेच कळते.

वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. लागोपाठ दोन-तीनदा जोरात ब्रेक मारला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो आणि पेडल खोल जाऊ लागते. उघड्यावर फिरणाऱ्या डिस्कला निदान वारा लागतो.

खरी गोम मात्र ब्रेकच्याही खाली होती. पुढचे सस्पेन्शन आणि इंजिन एका वेगळ्या सबफ्रेमवर, आणि ती सबफ्रेम रबरी बुश घालून बॉडीला बोल्टने जोडलेली. मागे प्रत्येक बाजूला एकच पाटा. दणकट इंजिनाचा जोर आला की तो पाटा पीळ खाई आणि एक्सल अक्षरशः उड्या मारी. 1968 मध्ये शेवरलेने एक शॉक ॲब्सॉर्बर एक्सलच्या पुढे व दुसरा मागे बसवला, जास्त ताकदीच्या गाड्यांना एकाऐवजी अनेक पाटे दिले. उड्या बऱ्याच कमी झाल्या.

रेसिंगने पुढचा धडा दिला. 5 लिटरच्या मर्यादेतल्या ट्रान्स-ॲम मालिकेसाठी घडवलेल्या झेड/28 मॉडेलला पुढच्या डिस्क घ्याव्याच लागत. रॉजर पेन्स्के यांच्या संघातून मार्क डोनोह्यू यांनी शर्यती मारल्या आणि 1968 व 1969 ही दोन्ही अजिंक्यपदे शेवरलेला मिळाली. 1969 मध्ये चारही चाकांना डिस्क मिळू लागल्या, पण तशा गाड्या निघाल्या फक्त 206.

त्यानंतरचे काम गॅरेजवाल्यांनी केले, आणि त्यांचे श्रेय मोठे आहे. रेसर डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा बदल म्हणजे वरच्या कंट्रोल आर्मसाठी नवी भोके पाडून तो खाली घेणे. एवढ्यानेच वळणावर टायर रस्त्याला नीट टेकू लागतो. 1990 च्या दशकात जनरल मोटर्सचे इंजिनिअर मार्क स्टीलो जुन्या कॅमारो लांब पल्ल्याच्या स्पर्धांत पळवू लागले. सरळ रेषेतली गाडी वळणेही घेते, हे लोकांनी पाहिले. पुढे डेट्रॉइट स्पीडसारख्या कंपन्यांनी तयार सबफ्रेम विकायला काढल्या.

तरी एक चूक आजही होते. मोठे सहा पिस्टनी कॅलिपर आधी येतात, सबफ्रेमचे जुने, सैल झालेले रबर तसेच राहते. मग ब्रेक दाबताच गाडीचे नाक एका बाजूला ओढते आणि दोष कॅलिपरवर येतो. क्रम उलटा हवा: आधी बुश, मग पुढची सबफ्रेम आणि मागची चॅसी जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या, त्यानंतर ब्रेक. शेवटी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते. म्हणून मागचा दाब थोडा थोडा कमी करत, मोकळ्या जागी पुन्हा पुन्हा ब्रेक मारून बघावा लागतो. पुढची चाके किंचित आधी जाम होऊ लागली की व्हॉल्व्ह तिथेच पक्का करायचा.