उशिरा मिळालेली दाद : लोकशाहीर विठ्ठल उमप

रेडमंडच्या मेरीमूर उद्यानात उन्हाळी मैफली रंगतात, तेव्हा 'सोल' हा कृष्णवर्णीयांचा गानप्रकार आम्हां आंबेडकरी कुटुंबांना परका वाटत नाही. शेरॉन जोन्स या गायिकेला संगीतव्यवसायाने काळी, ठेंगणी, स्थूल आणि वयस्क ठरवून नाकारले होते. तिने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली. पहिला स्वतंत्र अल्बम आला तो 2002 साली, वयाच्या पंचेचाळिशीनंतर. तिची कहाणी ऐकताना आम्हांला हटकून आठवतात ते विठ्ठल उमप.

15 जुलै 1931 रोजी मुंबईत जन्मलेले उमप चाळीतल्या भीमजयंत्यांमधून घडले. पोवाडा, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली असे सारे प्रकार त्यांच्या पहाडी गळ्याला वश होते. आकाशवाणीवरूनही ते गायले. तरीही पांढरपेशा रसिकांच्या लेखी ते दीर्घकाळ 'जयंतीचे गायक'च राहिले. (जयंतीच्या मांडवात पहाटेपर्यंत हजारो माणसे खिळवून ठेवणे ही जणू कमी प्रतीची कला!)

ही नजर बदलली ती प्रामुख्याने 'जांभूळ आख्याना'मुळे. पाच पतींची द्रौपदी कर्णावर मनोमन भाळते आणि झाडावरून तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून तिला ते कबूल करावे लागते, अशी ही लोककथा. पिकल्या वयाच्या, भरदार आवाजाच्या या पुरुषाने द्रौपदीची लाज, ओढ आणि कबुलीतला कंप असा काही उभा केला की नाट्यगृहे स्तब्ध होत. शेकडो प्रयोग झाले. पुढे सत्तरी उलटल्यावर 'टिंग्या'सारख्या चित्रपटातून ते पडद्यावरही दिसले.

या यशाला 'उशिराचे' म्हणताना आम्ही मात्र अडखळतो. वस्त्यांनी त्यांना कधीच ओळखले होते. उशीर झाला तो इतरांना. शेरॉनच्या बाबतीतही तिच्या चर्चमधल्या श्रोत्यांना ध्वनिमुद्रिकेची वाट पाहावी लागली नव्हती. फरक इतकाच की तिच्या अखेरच्या वर्षांत तिच्यावर अनुबोधपट निघाला, ग्रॅमीचे नामांकन मिळाले. उमपांच्या भीमगीतांचे जतन बव्हंशी जुन्या कॅसेटींनी केले. आमच्यापैकी काहींनी त्या सामानात बांधून इथवर आणल्या आहेत. त्यांचे अंकीकरण आता लांबणीवर टाकता येणार नाही, कारण फीत झिजते.

26 नोव्हेंबर 2010 रोजी, संविधान स्वीकृतीच्या दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटन सोहळ्यात ते व्यासपीठावरच कोसळले आणि कालकथित झाले. त्या वेळी ते एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यांचे पुत्र नंदेश उमप आज तोच वारसा गात आहेत.