मैनाची शस्त्रक्रिया आणि आमची सुट्टी

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की घरोघरी गावी जाण्याची तयारी सुरू होते. ज्यांच्या घरी कुत्र्याचे मादी पिल्लू आहे, त्यांच्यापुढे नेमका याच दिवसांत एक प्रश्न उभा राहतो. पिल्लू सहा महिन्यांचे होत आलेले असते आणि 'आता शस्त्रक्रियेचे बघा' असे पशुवैद्यांनी सुचवलेले असते. मग घरात दोन मते पडतात. एक मत म्हणते, 'निघण्याआधी दोन दिवस उरकून टाकू.' दुसरे म्हणते, 'परत आल्यावर बघू.' दोन्ही मते सोयीची आहेत आणि बऱ्याचदा दोन्ही महागात पडतात.

आमच्या पहिल्या कुत्रीच्या, चिंगीच्या बाबतीत आम्ही दुसरे मत मानले. मे महिन्यात तिला गावी नातेवाइकांकडे ठेवून आम्ही वीस दिवस बाहेर गेलो. तेव्हा ती सात महिन्यांची होती. परतलो तेव्हा काही वेगळे जाणवले नाही. जुलैच्या मध्यावर तिला पाच पिल्ले झाली. तिघांना घरे मिळाली. दोन त्या पावसाळ्यात दगावली. चिंगीची स्वतःची वाढही तोवर पुरी झालेली नव्हती. त्या बाळंतपणाने ती पार खंगली. यात नातेवाइकांची चूक नव्हती. ज्या तारखा आम्ही आधी मांडून पाहायला हव्या होत्या, त्या आम्ही मांडल्या नव्हत्या. काही वर्षांनी मैना घरी आली तेव्हा मात्र आम्ही पेन्सिल आणि कॅलेंडर घेऊन बसलो. तोच हिशेब इथे देत आहोत.

शस्त्रक्रियेत काय करतात?

बोलताना आपण 'नसबंदी' म्हणतो, पण कुत्रीच्या बाबतीत हा शब्द थोडा फसवा आहे. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत फक्त बीजवाहिन्या बंद करतात. अंडाशय आणि गर्भाशय जागेवरच राहतात. कुत्रीच्या बाबतीत बहुधा दोन्ही अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकतात. म्हणजे ही पोट उघडून केलेली, पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया असते. अंडाशय गेल्यामुळे त्यांची संप्रेरके बंद होतात आणि कुत्री पुन्हा माजावर येत नाही.

याचा एक मोठा फायदा उतारवयात दिसतो. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रींमध्ये गर्भाशयात पू होण्याचा गंभीर विकार आढळतो. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की दहा वर्षांची होईपर्यंत दर चार-पाच मादींमागे एकीला हा विकार होतो. गर्भाशयच नसेल तर या विकाराला जागा उरत नाही.

कुत्रीचा माज गाईसारखा नसतो

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, हे खेड्यातल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. कुत्रीचे चक्र याहून फार वेगळे आहे. तिच्या दोन माजांमध्ये सरासरी सहा-सात महिन्यांचे अंतर असते. पहिला माज बहुतेक लहान व मध्यम आकाराच्या कुत्रींमध्ये सहा महिने ते एक वर्ष या वयात येतो. मोठ्या जातींमध्ये तो याहूनही उशिरा येऊ शकतो.

माजाचे दोन भाग असतात. पहिले सुमारे नऊ दिवस रक्तस्राव दिसतो. नर मागे लागतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढचे सुमारे नऊ दिवस स्राव फिका होतो, आणि गर्भधारणा याच काळात होते. 'रक्त थांबले, आता काळजी नाही' असे अनेकांना वाटते, पण खरी काळजी तिथूनच सुरू होते. हे आकडे सरासरीचे आहेत. प्रत्येक भाग थोड्या दिवसांचाही असतो किंवा दोन आठवड्यांच्या पुढेही जातो. म्हणून व्यवहारात पहिल्या थेंबापासून तीन आठवडे धरावेत. शिवाय पहिल्या माजात स्राव इतका कमी असू शकतो, आणि कुत्री स्वतःला चाटून इतकी स्वच्छ ठेवते, की घरातल्यांना पत्ताही लागत नाही. चिंगीचे बहुधा असेच झाले असावे.

माज संपला म्हणजे शरीर लगेच पूर्वस्थितीला येते असेही नाही. गर्भ राहो अथवा न राहो, अंडाशय पुढे सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करत राहतात. कुत्रीचे गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचे असते; म्हणजे गर्भ नसतानाही शरीर जवळजवळ तेवढाच काळ गर्भारपणासारखे वागते. गर्भ न राहिलेली कुत्री कधीकधी स्तनांत दूध आणते, खेळणे उचलून पिल्लासारखे जवळ घेऊन बसते, ते यामुळेच.

शस्त्रक्रियेच्या तारखेशी या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि ऊती नाजूक झालेल्या असतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. माजानंतरच्या दोन महिन्यांत अंडाशय काढले तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते आणि खोट्या गर्भारपणाची लक्षणे उमटू शकतात. म्हणून तातडीचे कारण नसेल तर माज संपल्यावर दोन ते तीन महिने थांबतात. एक संधी हुकली की बेत तीन-चार महिने पुढे जातो, तो असा.

जखम मिटणे आणि जखम भरणे

आता 'निघण्याआधी दोन दिवस' या मताकडे वळू. जखमेत पहिले तीन-चार दिवस सफाई चालते. पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत पेशी हटवतात. थोडी सूज आणि लाली असते ती यामुळे. त्यानंतर दोन-तीन आठवडे तंतुपेशी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणतात. पुढे कित्येक महिने या धाग्यांची फेरमांडणी होत राहते.

बाहेरून पाहता दहा ते चौदा दिवसांत जखम मिटलेली दिसते आणि टाके काढले जातात. पण त्वचेची मूळ ताकद परत यायला फार वेळ लागतो. तीन आठवड्यांनी ती जेमतेम पाव हिश्श्यापर्यंत येते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत. तोवर पोटाच्या आतील थरात घातलेले, हळूहळू विरघळणारे टाके भार पेलत असतात. म्हणून पहिले दोन आठवडे उड्या, जिने, इतर कुत्र्यांशी मस्ती आणि आंघोळ बंद ठेवतात. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू घालतात.

अशा पिल्लाला दोन दिवसांत गाडीचे धक्के, मे महिन्याचा उकाडा आणि अनोळखी अंगण दिले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते पशुवैद्य शेकडो किलोमीटर मागे राहतात.

मैनाचे कॅलेंडर

मैना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या वाहनतळावर सापडली. तिचा जन्मदिवस कोणालाच ठाऊक नव्हता. तिचे २८ दुधाचे दात पुरे आले होते, पण एकही पडला नव्हता. पुढचे दात साधारण तीन ते पाच महिन्यांच्या वयात बदलू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे ४२ कायमचे दात येतात. दात आणि वजन पाहून पशुवैद्यांनी तिचे वय दोन महिने ठरवले. म्हणजे जन्म ऑक्टोबरच्या अखेरीस, दोन आठवडे अलीकडे-पलीकडे.

आता वजाबाकी पाहू. आमचे जाणे ५ मे रोजी आणि येणे २५ मे रोजी ठरले होते. टाके निघेपर्यंतचे १४ दिवस मागे मोजले की २१ एप्रिल येतो. काही बिघडले तर हाताशी असावा म्हणून आणखी एक आठवडा मागे गेलो. १४ एप्रिल आला. ही झाली शेवटची तारीख. पहिली तारीख लसीकरणाने ठरवली. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि इतर लसींची पहिली मालिका सोळा आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीअखेर पुरी झाली. त्यानंतर दोन आठवडे सोडून मार्चचा मध्य आला. म्हणजे मार्चचा मध्य ते १४ एप्रिल एवढी खिडकी आमच्या हाती होती.

या खिडकीनंतर काय होते तेही पाहिले. मैना सहा महिन्यांची होणार होती एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हातरी. म्हणजे पहिल्या माजाची शक्यता सुरू होण्याचा काळ आमच्या प्रवासावरच पडत होता. 'परत आल्यावर बघू' म्हटले असते आणि मेमध्ये माज आला असता, तर शस्त्रक्रिया ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गेली असती. आणि तेव्हा गणपतीचा प्रवास समोर होता.

घाईची चूक की उशिराची?

मग सगळ्यांनीच लवकर करावी का? तसे नाही. अंडाशयातील इस्ट्रोजेनमुळे लांब हाडांच्या टोकांजवळील कूर्चेच्या वाढपट्ट्या वेळेवर बंद होतात. अंडाशय लवकर काढले तर त्या उशिरा बंद होतात, हाडे थोडी अधिक लांबतात आणि सांध्यांवरचा भार बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये मिश्र जातीच्या कुत्र्यांच्या नोंदी वजनानुसार तपासल्या. ज्यांचे प्रौढपणीचे वजन २० किलोपेक्षा जास्त होते, त्यांच्यात एक वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली असल्यास सांध्यांचे विकार वाढलेले दिसले. त्याहून हलक्या कुत्र्यांत तशी वाढ दिसली नाही. मैना देशी, मोठेपणी १५ किलोच्या आसपास भरेल असा अंदाज होता. ती लॅब्रडॉर किंवा जर्मन शेफर्ड असती तर आमचा निर्णय वेगळा झाला असता.

लवकर शस्त्रक्रियेच्या बाजूने आणखी एक आकडा नेहमी सांगतात. १९६९ मधील एका अभ्यासानुसार स्तनांच्या गाठींचा धोका पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केल्यास ०.५ टक्का, पहिल्या माजानंतर केल्यास ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर केल्यास २६ टक्के उरतो. इथे वाचताना चूक होते. २६ टक्के कुत्रींना गाठी होतात असा याचा अर्थ नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीचा धोका १०० धरला तर त्याच्या तुलनेत २६, असा आहे. २०१२ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा हा पुरावा दुबळा ठरवला गेला. म्हणून एका आकड्यावर निर्णय सोपवू नये.

आम्ही दोन्ही चुकांची किंमत शेजारी शेजारी लिहिली. मैनासारख्या हलक्या देशी पिल्लाबाबत महिना-दोन महिने आधी केल्याची किंमत थोडी होती. उशिराची किंमत आम्ही चिंगीच्या वेळी पाहिली होती. पशुवैद्यांनी तिला तपासून होकार दिला आणि आम्ही एप्रिलचा पहिला शनिवार धरला. परीक्षांच्या दिवसांतही पहिले तीन दिवस घरी कोणी ना कोणी राहील, अशी पाळी लावली.

पाचव्या दिवशी जेवताना शंकू काढला आणि परत घालायला विसरलो. मैनाने जखम चाटली, दोन टाक्यांपाशी सूज आली, औषध द्यावे लागले आणि टाके चौदाऐवजी अठराव्या दिवशी निघाले. हाताशी ठेवलेला आठवडा असा कामी आला. ५ मे रोजी मैना त्याच नातेवाइकांच्या त्याच अंगणात राहायला गेली.

समजा, एप्रिलआधीच तिला माज आला असता तर? तो मार्चच्या शेवटी सुरू झाला असता तर तीन आठवड्यांनी, म्हणजे प्रवासाआधी संपला असता. शस्त्रक्रिया जुलैपर्यंत पुढे ढकलून आम्ही निर्धास्त गेलो असतो. तो २० एप्रिलला सुरू झाला असता तर मात्र १० मेपर्यंत आमच्यापैकी कोणीतरी मागे राहणे भाग होते. मोठ्या जातीचे पिल्लू पाळणाऱ्यांनी ही तयारी आधीच ठेवावी. या काळात कुत्रीला उघड्या अंगणात सोडायचे नाही आणि बाहेर नेताना पट्टा सोडायचा नाही.

वर्गात हा हिशेब करून घेता येईल. फळ्यावर जानेवारी ते सप्टेंबर अशी एक रेघ आखावी. तिच्यावर लसीकरण, जखमेचे १४ दिवस, पहिल्या माजाचा संभाव्य काळ, माजानंतरची थांबण्याची मुदत आणि सुट्ट्या या पट्ट्या वेगवेगळ्या रंगांनी काढाव्यात. जन्मतारखेतील दोन आठवड्यांची अनिश्चितता त्यांपैकी कोणत्या पट्ट्या लांबवते, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. मग पिल्लाचे वजन १५ ऐवजी ३० किलो धरून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर बदलेल. ते का बदलले, हे ज्याला सांगता आले त्याला हा धडा समजला असे म्हणता येईल.