बिजागरी आधी, प्रोसेसर नंतर

ठाण्या-कल्याणच्या दुकानात लॅपटॉप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘आय फाइव्ह दाखवू की आय सेव्हन?’ पण दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पडलेले लॅपटॉप बघा. प्रोसेसर जळाला म्हणून आलेला क्वचितच दिसेल. बिजागरी निखळलेली असते, बॅटरी फुगलेली असते, नाहीतर चार्जिंगची पिन ढिली झालेली असते. पाच-सात वर्षं टिकणारं यंत्र हवं असेल तर आधी तिकडे बघावं.

सुरुवात बिजागरीपासून. डोंबिवली ते सीएसएमटी साधारण ४८ किलोमीटर. एवढ्या प्रवासात गर्दीत बॅग छातीशी धरलेली आणि मागून सगळा डबा रेटतोय. तो दाब झाकणावर येतो. झाकण पातळ असेल तर ते आत दबतं आणि स्क्रीन कीबोर्डवर टेकते. बिजागरीचं दुखणं वेगळं. स्वस्त लॅपटॉपमध्ये तिचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत बसतात. कालांतराने बिजागरी घट्ट होते. झाकण उघडताना लागणारा जोर मग त्या नळ्यांवर येतो आणि पार्टिकल बोर्डच्या कपाटातून स्क्रू निघावा तशा त्या प्लॅस्टिकसकट उखडतात. धातूच्या चौकटीत स्क्रू असतील तर हे सहसा होत नाही. दुकानात एवढं करा: झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. स्क्रीन पिळवटली किंवा करकर आवाज आला तर पुढचा नग बघा. झाकणाच्या पाठीवर मध्यभागी तळव्याने हलका दाब द्या, पडद्यावर लाटा उठता कामा नयेत. ‘मिलिटरी ग्रेड’ या शिक्क्याला फार भुलू नये. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते.

बॅटरी मात्र कितीही चांगली घेतली तरी थकणारच. लिथियम-आयन बॅटरी काही शे पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज, या दोन्हींनी हा ऱ्हास वेग धरतो. घरी दिवसभर चार्जर लावून काम करत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का ते बघा. अनेक कंपन्या ती देतात आणि बहुतेक लोक ती कधीच चालू करत नाहीत. बॅटरी बदलता येणं तितकंच महत्त्वाचं. ती स्क्रूने बसवलेली आहे की गोंदाने चिकटवलेली, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कळतं. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या ऑफिससाठी काढलेल्या मालिकांची मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतात. ज्या मॉडेलचं मॅन्युअलच सापडत नाही, त्याबद्दल मी तरी साशंक राहीन. टाइप-सी चार्जिंगची दोन पोर्ट असली तर उत्तम, एक गेलं तरी दुसऱ्यावर भागतं.

रॅमचं गणित सोपं आहे. तपशिलात ‘एलपीडीडीआर’ लिहिलं असेल तर ती जवळपास नेहमी मदरबोर्डवरच पक्की केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. तेव्हा १६ जीबीच घ्यावी. एसएसडी वेगळी निघणारी असावी, म्हणजे बोर्ड गेला तरी डेटा वाचण्याची आशा राहते.

आपल्याकडची हवा हा वेगळा विषय. पावसाळ्यात थंडगार ऑफिसातून दमट प्लॅटफॉर्मवर आलं की गार धातूवर बाष्प धरतं, म्हणून भिजल्या संध्याकाळी घरी पोचल्यावर लॅपटॉप अर्धा तास बंद ठेवून मग सुरू करावा. कारखान्यांच्या धुरातले गंधकयुक्त वायू तांबं आणि चांदी गंजवतात, आणि सर्किटमध्ये दोन्ही असतात. ज्या डोंबिवली एमआयडीसीत २०२० मध्ये रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाला होता, तिथल्या रहिवाशांना हवेबद्दल वेगळं सांगायला नको. खिडकीजवळ टेबल असेल तर काम झाल्यावर यंत्र झाकून ठेवावं.

आता पैशाचं. घरगुती मालिकेतला नवा, चकचकीत लॅपटॉप घेण्यापेक्षा ऑफिस मालिकेतला तीन-चार वर्षं वापरलेला घ्यावा, असं माझं मत आहे. कंपन्या भाडेकरार संपला की असे लॅपटॉप घाऊक विकतात आणि ते नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर सोडून द्या: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या चिपवर अधिकृतपणे चालत नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक मोकळी जागा, स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. जी फाइल तयार होईल तिच्यात बॅटरीची मूळ आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आजचा आकडा मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा.

शेवटी दुकानदाराला समोरच विंडोज रीसेट करायला लावा आणि आपल्या फोनच्या हॉटस्पॉटने इंटरनेट जोडा. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला लॉगिन मागितला, तर त्या यंत्रावरचा कंपनीचा ताबा अजून सुटलेला नाही. ‘आमचा मुलगा काढून देईल’ असं दुकानदार म्हणाला तरी पैसे देऊ नका. बायोसला पासवर्ड असेल तरीही तेच. सगळं ठीक असेल तर बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या नंबरशी तिथेच ताडून बघा.