घर वाढवायचे : आडवे की वर?

उसाचे बिल हाती आले की घर वाढवायचे घाटते. घरालगत जागा असेल तर आडव्या खोल्या बऱ्या. म्हाताऱ्या माणसांना जिना नको. गावठाणात जागाच नसेल तर माडी. पण आधी पायाशेजारी खड्डा घेऊन बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंत तडकते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीवर स्लॅब टाकूच नका. किल्लारीच्या भूकंपात (३० सप्टेंबर १९९३) अशा जड घरांखालीच हजारो माणसे गेली.

आमचे म्हणणे एवढेच : पैसा कमी असेल तर यंदा नवी खोली दोन मजल्यांच्या हिशेबाने, इंजिनिअरला विचारून, कॉलमवर बांधा. माडी पुढच्या हंगामाला चढवा. वर सोडलेल्या सळया मात्र गंजू देऊ नका.